कुलपातलं पाणी

सर, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर नाही, हे आधी सांगून टाकते. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं मलाही शिकवलेलं आहे आणि तुमच्या शोकसभेत मी ते पाळलं. दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा उठले, "सर शिस्तीचे होते" एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. पुढचं जे वाक्य तोंडाशी आलं होतं ते त्या सभेत बसणारं नव्हतं, म्हणून गिळलं. आज ते लिहिते आहे, आणि लिहिताना कुणाचा मुलाहिजा ठेवणार नाही, तुमचा तर नाहीच.

तुमच्याकडे पीएच.डी.ला आले तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. नव्वदीची सुरुवात होती. माझं एम.एस्सी. होऊन, लग्न होऊन, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागून काही वर्षं झाली होती. सकाळी तास घ्यायचे, दुपारी डबा खाऊन तुमच्या प्रयोगशाळेत यायचं, संध्याकाळी घरी जाऊन भाकरी टाकायच्या. तुमच्याकडे बाकी सगळी पोरं होती, वयानं माझ्याहून लहान. त्यांना तुम्ही नावानं हाक मारायचात, मला 'बाई' म्हणायचात. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात. पण तुम्ही तो शब्द असा उच्चारायचात की ऐकणाऱ्याला वाटावं, ही चुकून दुसऱ्याच्या घरात शिरली आहे.

आपलं बिनसलं ते फेट्यावरून. प्रथिनांची घडी कशी पडते हा तास आला की तुम्ही दर वर्षी घरून फेटा आणायचात. तुमचा तो गाजलेला तास होता, दुसऱ्या विभागातली माणसंसुद्धा मागं येऊन उभी राहायची. पहिल्या बाकावरच्या कुणातरी पोराला पुढं घ्यायचं, त्याच्या डोक्यावर सरासर वेढे टाकायचे, शेवट खोचायचा आणि हात झटकून वर्गाकडं वळायचं. "बघा. नुसती पडली तर चिंधी हाय. बांधली की फेटा. प्रोटीन म्हंजे ह्येच." टाळ्या पडायच्या. मग तुम्ही खोचलेलं टोक ओढायचात, फेटा पोराच्या खांद्यावर सुटून पडायचा आणि पुन्हा टाळ्या. त्या वर्षी मी मागच्या बाकावर बसले होते. हात वर करून विचारलं की सर, फेटा बांधायला तुम्ही होता, पण साखळीला कोण बांधतं?

उत्तर तुम्हाला माहीत होतं. तुमच्या टेबलावरच्या जाड पुस्तकात ते होतं. कुणीही बांधत नाही, हीच त्यातली नवलाची गोष्ट आहे. अमिनो आम्लांची लांब साखळी पाण्यात असते. तिच्या काही कड्यांना पाणी आवडतं, काहींना ते तेलासारखं नकोसं असतं. ज्यांना नको असतं त्या आत दडतात, बाकीच्या बाहेर राहतात, आणि कुणाचाही हात न लागता ती साखळी तिच्या ठरलेल्या आकारात दुमडते. कोणत्या कडीनंतर कोणती, या क्रमातच तो आकार लिहिलेला असतो. एवढं सांगितलं असतंत तर मी तुमची जन्मभराची विद्यार्थिनी झाले असते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "बाई, मी तुम्हास्नी शिकवायला आलोय का तुमच्याकडनं शिकायला?" वर्ग हसला. फेट्याची घडी घालता घालता तुम्हीही हसलात.

तरी मी टिकले, कारण विषय मला सोडवत नव्हता. माझ्या धाकट्या भावाचं गुऱ्हाळ गगनबावडा रस्त्यावर आहे. रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाशी जी माती असते ती हंगामभर भाजून निघते. लहानपणी तिथं पाय ठेवला तर चटका बसायचा. मला वाटायचं, एवढ्या उष्णतेत जे काही जगत असेल ते साधं नसणार. मी ती माती बाटलीत भरून आणली, त्यातून एक जिवाणू वेगळा केला. तो एक विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर टाकायचा. दुसरी प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे स्वतःही एक प्रथिनच. ते काम करतं की नाही हे पाहण्याची रीत साधी होती. दुधाची पावडर घालून जेलीसारखी थिजवलेली पांढरी चकती करायची, तिच्यात बारीक भोक पाडून थेंब सोडायचा. विकर जिवंत असेल तर ते भोवतालचं दुधातलं प्रथिन खातं आणि काचेसारखं स्वच्छ वर्तुळ उमटतं. मेलेलं असेल तर चकती पांढरीच राहते. बहुतेक विकरं नुसती कढत केली तरी मरतात, म्हणजे त्यांची घडी मोडते. अंड्यातला पांढरा भाग जसा उकळल्यावर घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसं. माझं विकर उकळायला आलेल्या पाण्यात ठेवून काढलं तरी वर्तुळ देत होतं. पुन्हा पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा दिलं.

हे लहान यश नव्हतं, सर. प्रथिनाची घडी मुळात जेमतेम टिकणारी असते. मोडण्याकडं ओढणारं बळ आणि धरून ठेवणारं बळ यांत फार थोडं अंतर असतं. मग हे एवढं तापूनही का टिकतं, त्याला कशानं धरून ठेवलं आहे, हा माझा प्रश्न होता. त्यावर माझी पीएच.डी. उभी राहणार होती. समितीनं काम पाहून होकार दिला की नोंदणी पक्की होणार, कॉलेजातून अभ्यासरजा मिळणार आणि मी दिवसभर फक्त हेच करणार. नाही दिला तर जन्मभर सकाळचे तास. मला दुसरं काही नको होतं. घरी मी ते बोलत नव्हते, पण सगळ्यांना दिसत होतं. सासूबाई तर शेजारणीला सांगायच्या की आमच्या सूनबाईंनी एक विंचू पाळलाय, त्याला रोज दूध पाजतात.

आता पाण्याचं. तुमच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाणी कुलपात असायचं. काचेच्या यंत्रावर दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी तुमच्या केबिनमधल्या कपाटात आणि किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात. ते तुमच्या उपकरणासाठी आणि ज्यांच्यावर मर्जी असेल त्या पोरांसाठी. मी पहिल्या महिन्यातच येऊन मागितलं होतं. भांडी विसळायला आणि द्रावणं करायला नळाचं पाणी चालत नाही, हे मला शिकवावं लागत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बोअरचं उकळून, गाळून घ्या. त्येवढ्यानं काय हुतंय?" मी दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं. मग मागणं सोडलं आणि तुम्ही सांगितलंत तसं बोअरचं पाणी उकळून, गाळून वापरत राहिले. त्या पाण्यानं नळाच्या तोटीला पांढरे थर चढलेले होते. ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होते.

समितीचा दिवस ठरला तेव्हा तुम्ही एक अट घातलीत. निकाल कागदावर चालणार नाहीत, प्रयोग समितीसमोर करून दाखवायचा. तुमचं घराणं म्हशींचं, शिवाजी पेठेतलं. संध्याकाळी तुमच्या म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास त्याच्या हातात दिला जायचा, हे तुम्ही अभिमानानं सांगायचात. "आमच्यात घरनं काढून आणलेलं दूध कोण घेत न्हाई. समोर धार काढा, मग बोला." विज्ञानाचंही तसंच असायला हवं असं तुमचं मत होतं. मला ती अट आवडली होती. मी म्हटलं, काढते समोर.

आणि आदल्या आठवड्यात तुम्ही मला पाणी दिलंत. स्वतः कपाट उघडून मोठा कॅन बाहेर काढलात, माझ्या टेबलापर्यंत उचलून आणलात. धाप लागली होती तुम्हाला. "घ्या. माझ्या इन्स्ट्रुमेंटचं पाणी हाय. सगळं ह्यात नव्यानं करा. बाहेरची माणसं यायल्यात, माझं नाव घालवू नका." म्हणालात आणि पहिल्यांदा माझ्याशी नीट हसलात. एवढ्या वर्षांत मला तुमच्याकडून मिळालेली ती एकच भेट. मी हरखले, हे खोटं कशाला सांगू? माझं विकर मी पातळ पिशवीत भरून त्या पाण्यात केलेल्या द्रावणात बुडवून ठेवलं, द्रावण बदललं, पुन्हा बदललं. आतला सगळा बारीकसारीक मळ बाहेर निघून जावा म्हणून असं करतात. भांडी त्याच पाण्यानं विसळली. इतकं स्वच्छ काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी बाहेरून आलेले दोघे, विभागातले सगळे आणि तुमची पोरं भिंतीला टेकून उभी आहेत. मी विकराची नळी तापत्या पाण्यात धरते, ठरलेला वेळ झाल्यावर काढते, चकतीच्या भोकात थेंब सोडते. शेजारच्या भोकात न तापवलेला थेंब, तुलनेला. चकती उबदार पेटीत ठेवते. सगळे चहा घेतात, पाहुण्यांपैकी एकजण मला माहेर कुठलं विचारतो. मग मी पेटी उघडते. न तापवलेल्याभोवती वर्तुळ आहे. तापवलेल्याभोवती काही नाही. पांढरी, कोरी चकती. मी ती खिडकीकडं धरून बघते, तिरकी करून बघते. कोरी.

तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत. उलटसुलट करून पाहिलीत. मग म्हणालात, "बाई, घरात भांडी कोण घासतं तुमच्या?"

मी म्हटलं, "ज्याला वेळ असेल तो, सर."

पोरं हसली. तुम्हाला ते लागलं असावं, कारण तुमचा आवाज चढला. "त्यासाठीच इचारलं. हितली तर कुणीच घासल्याली दिसत न्हाईत. इतके दिवस जे दिसत हुतं ती भांड्यातली घाण हुती. आज चांगलं पाणी दिलं, तर खरं काय ते कळलं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी सांगायला तोंड उघडलं की सर, बोअरचं पाणी वापरा हे तुमचं सांगणं होतं. तेवढ्यात तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. माझं विकर, माझी माती, माझी इतक्या दिवसांची वर्तुळं, सगळं त्या हातानं पुसून टाकलंत. मग चकतीकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, हळू आवाजात म्हणालात, "मग आधी का टिकत हुतं?" उत्तराची वाट तुम्ही पाहिली नाहीत. चकती टेबलावर ठेवून पाहुण्यांना जेवायला घेऊन गेलात.

नंतर तुम्ही मला अळंब्यांतल्या पोषणद्रव्यांचा विषय सुचवलात, बायकांना झेपेल असा. मी नको म्हटलं. नोंदणी गेली. सकाळचे तास राहिले, ते अजून घेते आहे. तुम्ही पुढं काही वर्षांनी गेलात, निवृत्तही झाला नव्हता. शोकसभेचं वर सांगितलंच.

दोन हजार सालानंतर शिक्षकांच्या एका उजळणी वर्गाला मी परगावी गेले होते. तिथं शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पडद्यावर एका विकराची आकृती आणली, हातानं फिरवावी तशी फिरवून दाखवली. तुम्ही ती पाहिली नाहीत. फितीसारखी साखळी, तिचे पीळ, तिच्या घड्या आणि एका वळणात अडकलेला एक हिरवा मणी. ती म्हणाली, हा कॅल्शियम. या जातीच्या विकरांना तोच धरून ठेवतो. तो असेपर्यंत कितीही तापवा. काढून घेतला की हे वळण सैल पडतं, घडी उलगडते, आणि विकर प्रथिनंच खाणारं असल्यामुळं उलगडलेला रेणू शेजारच्या रेणूच्या तोंडी जातो. मागं काही उरत नाही. मग तिनं पुढचं दाखवलं. काही लोकांनी ते वळणच कापून टाकलं, दुसरीकडच्या दोन-चार कड्या बदलून घडी घट्ट केली आणि कॅल्शियमवाचून उभं राहणारं विकर बनवलं. आता तर निसर्गात कधीच नव्हती अशी साखळी कड्या मांडून लिहिता येते, आणि ती पाण्यात गेली की ठरवलेल्या आकारात दुमडते. बाकीचे शिक्षक टिपणं घेत होते. मी घेतली नाहीत. मला नळाच्या तोटीवरचे पांढरे थर दिसत होते, तेही कॅल्शियमचेच.

परत आल्यावर मी भावाच्या गुऱ्हाळावर गेले. हंगाम चालू होता. रस तापून वर मळी यायला लागली तसा भावानं बादलीतून तांब्याभर चुन्याची निवळी घेऊन काहिलीत ओतली. रस स्वच्छ व्हावा म्हणून ओततात. जन्मापासून पाहते आहे मी. थोडी निवळी काठावरून चुलवणाच्या दगडांवर सांडली, नेहमी सांडते तशी. दगड पांढरे पडलेले होते, खालची माती पांढरी पडलेली होती. चुना म्हणजे कॅल्शियम, हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना शिकवते. तो जिवाणू पिढ्यान् पिढ्या त्या सांडलेल्या चुन्यात वाढला होता. मी वाकून माती बाटलीत भरायला लागले तसा भाऊ म्हणाला, "काय गं आक्का, पुन्ना माती? मागल्या येळंला न्हेलतीस तिचं काय झालं?"

"मेली," मी म्हटलं.

"माती कशी मरंल?" तो म्हणाला आणि गुळव्याला ऐकू जाईल असं मोठ्यांदा हसला. "सरांनी मारली व्हय?"

व्हय, सरांनी मारली. सुट्टीत आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सगळं पुन्हा केलं. पातळ पिशवी, डिस्टिल्ड पाणी, दुधाची चकती. एका नळीत नुसतं विकर, दुसरीत तेच आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही तापवल्या. पहिल्या थेंबाभोवती चकती कोरी राहिली, तुमच्या त्या दिवसासारखीच. दुसऱ्याभोवती वर्तुळ आलं. इतकं स्वच्छ की त्यातून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येत होती. सुट्टी होती, इमारतीत शिपायाशिवाय कुणी नव्हतं. मी त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, छान हाय मॅडम, आणि पंखे बंद करायला गेला. तेव्हा मला तुम्ही हवे होता. समोर धार काढली होती मी, आणि ग्लास हातात घ्यायला तुम्ही नव्हता. तुम्ही मेला आहात याचा मला खरा राग त्या दिवशी आला.

म्हणजे तुम्ही बरोबर होतात, सर. भांड्यातली घाणच होती ती. त्या घाणीनंच माझं विकर धरून ठेवलं होतं, आणि तुम्ही धाप टाकत आणून दिलेल्या स्वच्छ पाण्यानं ती धुऊन निघाली. मला पाणी नाकारत होतात तोवर माझं काम जिवंत होतं. दिलंत त्या दिवशी मेलं. कुलूप तसंच ठेवलं असतंत तर आज माझ्या नावामागं डॉक्टर असतं. तुमच्या वाईटपणाचा मला हिशेब लागतो. चांगुलपणाचा अजून लागत नाही. आणि तो फेटा. बांधणारा कोण, हे मी बरोबर विचारलं होतं, पण खोचलेलं टोक ओढलं की सगळं सुटतं, हे तुम्ही दर वर्षी सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत दाखवत होतात. समितीच्या त्या टेबलावर तुमच्या ते लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. पण माझी नोंदणी गेली, तुमचं काही गेलं नाही, म्हणून हा दोष अर्धा अर्धा वाटून घ्यायला मी तयार नाही.

हे कुठं पाठवणार? तुमचा शिवाजी पेठेतला पत्ता मला अजून पाठ आहे, पण त्या घरात आता दुसरे लोक राहतात, म्हशी नाहीत. संपलं की घडी घालून टेबलाच्या खणात टाकीन.

एक गोष्ट राहिली. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या पोरीचा प्रयोग बिघडला, ती रडवेली होऊन भांडी पुन्हा घासायला निघाली, की मी तिला थांबवते. म्हणते, भांडी राहू दे, आधी मला सांग, मग आधी का येत होतं? पोरींना तो प्रश्न पाठ झाला आहे. मॅडमचा प्रश्न म्हणतात, पुढच्या वर्गाला तसाच सांगतात. कुणी विचारलं की मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं, तर मी आजवर सांगत आले की कुणी नाही, माझं मीच.

तसं नाही. तो तुमचा आहे.